झडपेने शिकलेला सूर

मुलांनो, जरा डोळे मिटा. आता एका पापणीवर बोटाचं टोक अगदी अलगद टेकवा. दाबू नका, नुसतं टेकवा. बोटाला काय लागतं? काहीतरी गोल, भरलेलं, थोडंसं मऊ. नीट हवा भरलेल्या चेंडूसारखं, फक्त आत हवा नाही, पाणी आहे. आता माझ्याबरोबर कल्पना करा, की तुम्ही अशा काळात राहता जेव्हा या पाण्यावर पहारा करायला डोळ्यात एक जिवंत झडप बसवतात. तांदळाच्या कणीएवढी. ती पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागात लपलेली असते, आरशात पाहिलं तरी दिसत नाही. आणि ती शिकते.

त्या काळात माणदेशातल्या एका गावात हर्षाली ऐवळे नावाची अकरा वर्षांची मुलगी राहत होती. तिच्या गावात अशा झडपा बऱ्याच जणांच्या डोळ्यांत होत्या आणि लोकांना त्याचं काही नवल वाटेनासं झालं होतं. चहाच्या टपरीवर म्हातारी माणसं एकमेकांच्या झडपांची चेष्टा करत. एकाची झडप म्हणे सासरा दारात दिसला की उघडायची, कारण सासरा आला की भांडण ठरलेलं आणि भांडताना डोळ्यातला दाब चढायचा. सासरा वारला तेव्हा लोकांनी जावयाला विचारलं, आता कसं रे? तो म्हणाला, आता मेव्हण्यावर उघडते.

हसू येतं, पण त्या झडपेचं सगळं शास्त्र याच गोष्टीत आहे. ते नीट समजून घेऊ, कारण हर्षालीवर जे आलं ते त्याच शास्त्रातून आलं.

डोळ्यात एक छोटासा झरा आहे. त्यातून पाणी सतत येत राहतं आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून झिरपून जातं. येणारं आणि जाणारं पाणी सारखं असलं की डोळा ठीक. जाळी तुंबली की झरा काही थांबत नाही. डोळा आतून ताठ होतो, आणि मागून मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस दाबली जाऊन तिचा एकेक धागा मरतो. याला काचबिंदू म्हणतात. बहुतेकदा तो दुखत नाही. आधी कडेचं दिसणं जातं. माणूस समोर बघत राहतो आणि बाजूचं जग कधी गेलं याचा त्याला पत्ता लागत नाही. मेलेला धागा परत जिवंत होत नाही. हर्षालीच्या काळातही होत नव्हता.

आजचे डॉक्टर अशा डोळ्यात एक बारीक नळी बसवतात. तिच्या टोकाला एक चकती असते. पाणी नळीतून चकतीभोवती जमतं आणि हळूहळू अंगात मुरतं. उपाय चांगला आहे, पण नळी आंधळी असते. कधी ती तुंबते, तर कधी इतकं पाणी सोडते की डोळाच सैल पडतो. सैल डोळ्यातल्या पडद्याला आतून सुरकुत्या पडतात, कधी रक्त उतरतं, आणि तीही दृष्टी परत येत नाही.

म्हणून पुढच्या लोकांनी नळीच्या तोंडाशी त्याच माणसाच्या पेशींची झडप वाढवली. तिला ते शिकती झडप म्हणू लागले. दाब चढेपर्यंत ती थांबत नसे. दाब चढण्याआधी काय घडतं हे ती लक्षात ठेवी, आणि तसं काही घडू लागलं की आधीच उघडे. तुम्ही गोठ्यात पाहिलं असेल, धार काढायची बादली खणखणली की गाय पान्हा सोडते, कासेला हात लागायच्या आधी. तसंच हे. झडप बसवल्यानंतरचा पहिला महिना हा तिच्या शिकवणीचा. त्या महिन्यात जे शिकेल ते पक्कं.

हर्षालीचे वडील दशरथ ऐवळे सनईवाले होते. ती त्यांना आबा म्हणे. देवीच्या देवळात पहाटे आणि एरवी लग्नाकार्यात ते आणि त्यांचा थोरला भाऊ गोरख वाजवत. सनई फुंकताना छातीत दाब येतो, डोक्याकडून परतणारं रक्त अडतं आणि डोळा ताठ होतो. दशरथांचा डावा डोळा असाच गेला, आणि तो गेला हे त्यांना कळलं तेव्हा उजव्याचंही अर्धं दिसणं संपलं होतं. मग मिरजेला डॉक्टर शबाना मुजावर यांनी उजव्या डोळ्यात शिकती झडप बसवली. त्यांनी बजावलं होतं की महिनाभर सनईला विश्रांती द्यायची, म्हणजे झडप साध्यासुध्या दिवसांचा धडा शिकेल.

दशरथांनी ते पाळलं, आपल्या समजुतीप्रमाणे. त्याच महिन्यात नवरात्र आलं. सनईच्या ताफ्यात एक जण राग वाजवतो आणि दुसरा मागे एकच सूर धरून बसतो. त्याला बोटं हलवायची नसतात, चाल आठवायची नसते. खांबाला टेकून बसायचं आणि सूर तुटू द्यायचा नाही. ऐवळ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे काम म्हाताऱ्याला नाहीतर आजाऱ्याला देत आले होते. सूर धरणारा म्हणजे विश्रांतीला बसलेला, असं सगळेच समजत. तेव्हा गोरखने आजारी भावाला नऊही दिवस सूर दिला, आणि यात डॉक्टरांना सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नाही.

पण सूर धरणाऱ्याला श्वास घ्यायला थांबता येत नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? तो गालात हवा साठवतो, ती बाहेर ढकलत असतानाच नाकाने नवी हवा आत ओढतो, आणि फुंक चालूच राहते. छातीतला दाब चढतो आणि खाली येतच नाही. दशरथांच्या डोळ्यातल्या नव्या झडपेने रोज तेच अनुभवलं: एक अखंड सूर सुरू झाला की थोड्या वेळाने दाब भयंकर चढतो. हुशार विद्यार्थ्यासारखी ती शिकली, की अखंड सूर आला म्हणजे पूर्ण उघडायचं.

पुढची दोन वर्षं सगळं उत्तम चाललं. दशरथ सूर धरत, दाब चढू लागे, झडप तेवढीच उघडे. डॉक्टर मुजावर दर तपासणीला खूश असत. मग एका थंडीत गोरख गेला, आणि त्याच थंडीत दशरथांना न्यूमोनिया झाला. ते वाचले, पण छाती कामातून गेली. चार पावलं चालले की धाप लागे. सनई फुंकणं संपलं. ताफा मोडला. अखंड सूर धरणारं पंचक्रोशीत कुणी उरलं नाही. लग्नांत गाणी यंत्रावर वाजू लागली, देवळातली पहाट मुकी झाली.

तेव्हा हर्षालीने काकाची सनई उचलली.

आबा तिच्याजवळ बसत, तिच्या पाठीवर तळवा ठेवून. आत हवा कुठवर गेली हे त्यांना तळव्याने कळे. पहिले कित्येक महिने तिचा सूर सारखा तुटायचा. आबा म्हणायचे, तुटू दे, तुझा काका तर पहिलं वर्षभर नुसता थुंकत होता. आई सिंधू चुलीपाशी बसून म्हणायची की शेजारची म्हैस आटली आहे आणि त्याचं कारण तिला माहीत आहे.

मग एका दुपारी सूर तुटला नाही. हर्षालीने गाल भरले, नाकाने हवा ओढली, आणि सूर वाहत राहिला, जणू तो तिचा नव्हताच, कुठूनतरी येत होता. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिला थांबू दिलं नाही. आणि ती थांबली तेव्हा ते म्हणाले की समोर जरा धुकं आल्यासारखं वाटतंय, ऊन उतरलं वाटतं.

ऊन उतरलं नव्हतं.

पुढे तिचा सूर जसा लांबत गेला तसं आबांचं धुकं दाट होत गेलं. ते कुणाला बोलले नाहीत. एक दिवस पाण्याचा तांब्या पुढ्यात असताना ते तो हाताने चाचपत होते, तेव्हा सिंधूने पाहिलं आणि त्याच दिवशी तिघं मिरजेला गेली.

डॉक्टरांनी आबांना मापक-चष्मा घातला. झडप केव्हा, किती उघडली याची रेघ हा चष्मा पडद्यावर काढतो. मग त्यांनी हर्षालीला सूर धरायला सांगितलं. थोडा वेळ रेघ सपाट राहिली. मग ती एकदम कड्यासारखी उभी चढली, आणि दुसरी रेघ, दाबाची, खाली कोसळली. डॉक्टरांनी हात वर केला आणि पुरे म्हणाल्या. मग त्यांनी झडप बसवल्यानंतरच्या महिन्याचं, त्यातल्या नवरात्राचं, विचारलं. तेव्हा कुठे ती सूर धरण्याची हकीगत बाहेर आली.

आबांना तपासणीला आत नेलं. सिंधूही त्यांच्याबरोबर गेली. बाहेर हर्षाली आणि डॉक्टर दोघीच उरल्या.

"त्यांच्या कानात कापूस घातला तर?" हर्षालीने विचारलं.

"झडपेला कान नाहीत, बाळ. सुराने हवा थरथरते, त्याने डोळ्यातलं पाणी थरथरतं. तिला ते पाण्यातच कळतं."

"मग ती विसरणार नाही का? आता मी वाजवते. आबांचा दाब चढत नाही. तिला कळायला पाहिजे ना, की आता धोका नाही."

डॉक्टर मुजावर तिच्याशेजारी बाकावर बसल्या. लहान मुलीने मोठ्यांचा प्रश्न विचारला की त्याला मोठ्यांचं उत्तर द्यावं असं त्या मानत. "समज, तुझ्या गावात एक राखणदार आहे. शिट्टी वाजली की तो धरणाचे दरवाजे उघडतो, पूर येऊ नये म्हणून. आता पूर यायचे बंद झाले. पण शिट्टी वाजली की तो दरवाजे उघडतोच, आणि पूर काही येत नाही. तो काय समजेल?"

हर्षाली म्हणाली, "त्याला वाटेल, दरवाजे उघडले म्हणून पूर आला नाही."

"आणि दर वेळी त्याची खात्री वाढेल. पूर आलाच नसता हे कळायचं तर एकदा दरवाजे बंद ठेवून बघावं लागेल. ते तो कधीच करणार नाही. झडप चुकीचं शिकलेली नाही, हर्षाली. ती फार नीट शिकली आहे."

झडप काढता येणार नव्हती. तिच्या पेशी डोळ्याच्या भिंतीत मुरल्या होत्या. आबांनी स्वतः फुंकलं तर दाब आणि झडप पुन्हा बरोबरीने चालतील का, हेही हर्षालीने विचारलं. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. दोन वर्षांपूर्वी चाललं असतं, आता छातीत तेवढा दम नाही. उजव्या डोळ्यात आता एका लहान खिडकीएवढं दिसणं शिल्लक होतं. अखंड सूर आणखी काही वेळा झाला की ती खिडकीही बंद. उपाय एकच होता: आबांजवळ अखंड सूर वाजता कामा नये, कधीच.

घरी आल्यावर सिंधूने सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली.  हर्षालीला वाटलं, संपलं.

पण आबांचं संपलं नव्हतं. त्यांनी आधी सिंधूला विनवलं, मग चिडले. आणि एका सकाळी त्यांनी डोळ्यात थेंब घालू दिले नाहीत. हे थेंब म्हणजे झडपेच्या पेशींचं अन्न. ते सकाळ-संध्याकाळ घातले नाहीत तर पेशी वाळतात, झडप मरते, आणि दाब पुन्हा चढू लागतो. सिंधूने बाटली त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती शांतपणे बाजूला ठेवली. संध्याकाळीही तेच.

हर्षालीने पाय धरले. ती म्हणाली, मी सनई सोडली, मला नको, तुम्ही थेंब घाला.

आबा म्हणाले, "तुला नको असंल. मला हवी हाय. ह्या डोळ्यानं मी काय बघणार हाय पोरी? तेच अंगण, तीच भिंत. सूर तुझ्यात उतरलाय, अजून पक्का बसला न्हाय. मी हात काढला तर तो जाईल. मग तो कुणाकडंच न्हाय."

"मी लांब जाऊन वाजवते. टेकडीवर."

"आन्‌ पाठीवर हात कुणाचा?"

 सिंधू रागाने म्हणाली, माणसाला डोळ्यापेक्षा फुंकर मोठी झाली.  आबांनी मुलीला एवढंच सांगितलं, की तू सनई घेऊन समोर बसलीस तर मी थेंब घालीन. न्हाय बसलीस तर डोळा माझाच हाय.

मुलांनो, इथे जरा थांबून बघा, ही पोर कुठे उभी होती. वाजवलं तर झडप डोळा रिकामा करणार. न वाजवलं तर आबा झडपच मारणार. दोन्हीकडून खिडकी बंद. आणि तिला विचारायला घरात कुणी नव्हतं, कारण आईचं उत्तर एक होतं आणि आबांचं दुसरं.

दोन दिवस बाटली तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी हर्षालीने फोनवर डॉक्टरांना गाठलं. थेंबांचं सांगितलं नाही, सांगितलं असतं तर आबांना मिरजेला नेऊन ठेवलं असतं आणि ते तिथेही अडून बसले असते. तिने एकच गोष्ट विचारली. तिचा सूर पहिले कित्येक महिने तुटत होता, तेव्हा आबांना काहीच का झालं नाही?

डॉक्टरांनी जुन्या नोंदी काढून पाहिल्या. मग त्यांनी समजावलं की झडप सुराला भीत नाही, न तुटणाऱ्या सुराला भिते. साधारण दहा-बारा आकडे मोजेपर्यंत ती वाट बघते. मध्ये तुटला की तिच्या हिशेबी धोका टळला, पुन्हा पहिल्यापासून मोजणी. हे सांगून त्यांनी लगेच विचारलं, "का गं, तू वाजवत नाहीस ना त्यांच्याजवळ?" हर्षालीने नाही म्हटलं. त्या वेळी ते खरंच होतं.

फोन ठेवून ती माळ्यावर चढली आणि सनई खाली काढली. सिंधू आडवी आली. हर्षाली तिच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. सिंधू बाजूला झाली.

आबांनी आधी थेंब घातले. मग हात पुसून तळवा तिच्या पाठीवर ठेवला. हर्षालीने सूर धरला. आबांचा चेहरा उजळला, तहानेल्या माणसाला पाण्याचा आवाज यावा तसा. ती मनात मोजत होती. आठ झाले, आणि तिने दम सोडला. सूर तुटला.

"परत," आबा म्हणाले.

तिने परत धरला, परत तोडला. आबांना वाटलं पोर घाबरली आहे. त्यांनी गाल कसे भरायचे ते पहिल्यापासून सांगितलं, तिच्या नाकपुडीवर बोट ठेवून श्वास दाखवला. ती सगळं ऐकत होती, मान हलवत होती आणि पुन्हा आठावर तोडत होती. सोपं नव्हतं ते. पाठीवरच्या तळव्याला संशय येऊ नये म्हणून हवाही खरीच संपवायला लागे. पहिल्या दिवसाअखेर आबा दमले. दहा दिवसांनी ते चिडले. महिन्याने त्यांनी चिडणंही सोडलं.

"जमत होतं तुला," ते एकदा म्हणाले. "मी ऐकलंय. ह्या कानांनी ऐकलंय."

"आता जमत नाही, आबा."

"माझंच काहीतरी चुकलं असंल शिकवताना. उद्या बसू."

आणि दुसऱ्या दिवशी ते बसण्याआधी थेंब घालत, कारण पोरीला शिकवायचं राहिलं होतं. मिरजेच्या तपासणीत मापक-चष्म्याची रेघ सपाट येई. खिडकी होती तेवढीच राहिली. त्या खिडकीतून ते लेकीचा चेहरा बघत आणि तिला जमत नाही म्हणून कष्टी होत. ताफ्यातले जुने ओळखीचे कुणी भेटायला आले की ते आवाज खाली करून सांगत, पोर गुणी हाय, पण ह्यात तिचा जीव न्हाय. हर्षाली ते आतल्या खोलीतून ऐके.

असं वर्ष गेलं. तिने ठरवलं होतं की खरा सूर आपल्याजवळ जपून ठेवायचा, आणि कधीतरी लांब जाऊन वाजवायचा. आबांना फसवावं लागलं तरी निदान त्या सुराला फसवायचं नाही. एका रविवारी ती सनई ओढणीत लपवून टेकडीपलीकडच्या माळावर गेली. तिथून गाव दिसत नव्हतं. वारा गावाकडून तिच्याकडे वाहत होता, म्हणजे आवाज मागे जाणार नव्हता. तिने जिभाळी, सनईच्या तोंडाची ती पातळ पाती, ओठांत भिजवली, गाल भरले आणि सूर धरला.

तो आठावर तुटला.

तिने मोजलं नव्हतं, तोडायचं मनातही आणलं नव्हतं. तिने पुन्हा धरला. छाती भरलेली होती, गालात हवा होती, नाक मोकळं होतं. सूर वर चढला, सरळ झाला, आणि बरोबर त्याच जागी तिच्या छातीतून हवा आपोआप सुटून गेली, कुणीतरी आतून दार उघडावं तशी. उन्हं कलेपर्यंत ती धरत राहिली आणि तो तुटत राहिला. माळावर तिच्याशिवाय कुणी नव्हतं, सुराने धोका पोचेल असा एकही डोळा जवळपास नव्हता. तिच्या श्वासाला मात्र ते कुणी सांगू शकत नव्हतं.

मग हर्षालीने जिभाळी ओठांतून काढली, पुसून डबीत ठेवली, आणि आबांच्या थेंबांची वेळ झाली होती म्हणून घराकडे चालू लागली.